वेशीवरच्या गावांचा कारभार कोणी पाहावा?

गेल्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आमच्या गावात भांडण झाले. ग्रामसभेत भांडण होणे ही काही महाविद्यालयाच्या वार्षिकात छापण्याजोगी गोष्ट नव्हे. परंतु हे भांडण कोणाच्या बांधावरून किंवा घरकुलाच्या यादीवरून नव्हते. आमचे गाव यापुढे गावच राहावे की त्याची नगरपंचायत व्हावी, असा प्रश्न होता. एका बाजूला माझे चुलते, म्हणजे तात्या, आणि त्यांच्या वयाची मंडळी होती. दुसऱ्या बाजूला नव्या इमारतींत राहायला आलेले लोक होते. मध्ये खुर्चीवर बसलेले सरपंच दोन्हीकडे पाहून 'बरोबर आहे, बरोबर आहे' म्हणत होते. ठराव काही झाला नाही. 'विषय पुढील सभेत घ्यावा' असे लिहून इतिवृत्त पुरे करण्यात आले. मी त्या सभेला होते. त्याआधीच्या महिला सभेलाही होते. तिथे मात्र भांडण झाले नाही, कारण तिथे सगळ्याजणी एकाच गोष्टीबद्दल बोलत होत्या. ती गोष्ट म्हणजे पाणी.

गावाचे नाव इथे मुद्दामच देत नाही. आपल्या महाविद्यालयात निम्मी मुलेमुली अशाच गावांतून येतात. नावे वेगळी असली तरी गोष्ट तीच आहे. एसटीच्या पाटीवर अजून 'बुद्रुक' लिहिलेले, चावडीशेजारी मारुतीचे देऊळ, देवळासमोर पार. आणि पारावरून मान वर केली की सात मजल्यांच्या चार इमारती. २०११ च्या जनगणनेत आमचे गाव पाच-सहा हजारांचे होते. आज पंधरा हजारांच्या पुढे असावे असे लोक म्हणतात. 'म्हणतात' असेच लिहावे लागते, कारण २०२१ ची जनगणना त्या साली झालीच नाही. म्हणजे सरकारदरबारी आम्ही अजून पाच-सहा हजारच आहोत. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी लोकसंख्या पाहून आला, आणि ती लोकसंख्या २०११ ची होती. जी मुले आज आमच्या प्राथमिक शाळेत दाटीवाटीने बसतात, ती त्या हिशेबात जन्मलेलीच नाहीत!

आमच्या घरी नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येते. पहाटे साडेचारला येते आणि सव्वापाचला जाते. आई चारलाच उठून पिंपे विसळून ठेवते. इमारतींना हेही नाही. त्यांच्या दारात रोज टँकर येतात आणि त्याचे पैसे दरमहा वर्गणीत धरले जातात. हे झाले येणाऱ्या पाण्याचे. जाणाऱ्या पाण्याची कथा याहून वाईट आहे. गावात भुयारी गटार नाही. प्रत्येक इमारतीखाली मैल्याची टाकी असते, ती भरली की उपसणारी गाडी येते, आणि ती गाडी रात्री कुठे रिकामी होते हे ओढ्याकाठी राहणाऱ्या कोणालाही विचारावे. त्या ओढ्याच्या कडेनेच पंचायतीची जुनी जलवाहिनी गेली आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या आळीत काविळीची साथ आली. माझा धाकटा भाऊ महिनाभर अंथरुणाला खिळला होता. दहावीची सहामाही त्याने दिलीच नाही. त्या महिन्यात घरी दोनदाच कोणी चौकशीला आले. एकदा आरोग्य उपकेंद्रातल्या ताई आल्या, त्यांनी पाण्यात टाकायचे औषध दिले. दुसऱ्यांदा पाणी सोडणारे काका आले. 'वाहिनी कुठं फुटलीय ते मला माहीत आहे, पण खणायला यंत्र लागतं आणि यंत्राला पैसे,' असे ते म्हणाले.

राज्यशास्त्राच्या तासाला आपण स्थानिक स्वराज्य संस्था शिकतो. १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम, सात ते सतरा सदस्य, ग्रामनिधी, घरपट्टी, दिवाबत्ती कर. उत्तरपत्रिकेत हे सारे नीट बसते. परंतु हा कायदा ज्या गावासाठी लिहिला गेला ते गाव शेतीवर जगणारे, आडाचे पाणी पिणारे आणि सांडपाणी परसातल्या केळीला सोडणारे होते. आमच्या पंचायतीत एक ग्रामसेवक आहेत (त्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे, नाव मोठे झाले आहे), एक लिपिक, एक शिपाई, दोन पाणी सोडणारे आणि तीन सफाई कर्मचारी. अभियंता नाही. सात मजल्यांच्या इमारतीला परवानगी देणारे कार्यालय दुसरीकडे आहे आणि विकासाचे शुल्कही तिथेच भरले जाते. सार्वजनिक पाणी येईपर्यंत पाण्याची सोय आम्ही करू, असे बांधणारा तिथे लिहून देतो. मग घरे विकली जातात आणि बांधणारा पुढच्या गावाला जातो. कचरा, पाणी, गटार मात्र आमच्या सरपंचांच्या दारात उभे राहते. परवानगी एकाची, पैसा दुसऱ्याचा आणि घाण तिसऱ्याची, अशी ही वाटणी आहे.

जनगणना खात्याकडे आमच्यासारख्या वस्त्यांसाठी एक वेगळे खाते आहे. पाच हजारांवर लोकसंख्या, चौरस किलोमीटरला किमान चारशे लोक, आणि मुख्यतः काम करणाऱ्या पुरुषांपैकी पाऊण हिस्सा शेतीबाहेर, अशी वस्ती ते शहरांत मोजतात, मग तिचा कारभार ग्रामपंचायतीकडे असला तरी चालतो. भारतात २००१ साली अशी १३६२ 'जनगणना-शहरे' होती. २०११ साली ती ३८९४ झाली. मोजायला शहर आणि कारभाराला खेडे! आई जेऊ घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी ही अवस्था आहे.

यावर एक उपाय सगळे चटकन सांगतात. महापालिकेत जा. आमच्या सभेतही इमारतींतल्या काही जणांचे तेच म्हणणे होते. त्यांची घाई मला समजते. रोज टँकरचे पैसे मोजणाऱ्याला दुसरे काय सुचणार? परंतु महापालिकेत गेलेल्या गावांकडे जरा पाहावे. पुणे महापालिकेत २०१७ साली अकरा आणि २०२१ च्या जूनअखेर तेवीस गावे आली. त्या तेवीस गावांचे सरपंच आणि पंचायती एका अधिसूचनेने संपल्या. पुढे मार्च २०२२ मध्ये महापालिकेचीच मुदत संपली आणि तिथे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासक बसले. म्हणजे सरपंच गेले आणि नगरसेवक आले नाहीत. कर भरायला माणूस होता, पण विचारायला नव्हता. फुरसुंगी आणि उरुळी देवाची या दोन गावांनी तर शहराचा कचरा कित्येक वर्षे आपल्या शिवारात सोसला. २०१७ साली ती महापालिकेत आली. कर वाढले आणि सोयी आल्या नाहीत अशी तक्रार झाली. शेवटी २०२४ साली त्यांना बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. कल्याणजवळच्या सत्तावीस गावांचे तर कबड्डीतल्या गड्यांसारखे झाले आहे. १९८३ साली ती महापालिकेत गेली, २००२ साली बाहेर आली, २०१५ साली पुन्हा आत गेली. २०२० साली त्यांतली अठरा बाहेर काढली, तो निर्णय त्याच वर्षी उच्च न्यायालयाने रद्द केला. या सदतीस वर्षांत तिथे गटाराचा आराखडा कोणी कोणत्या हद्दीसाठी काढायचा?

म्हणून मला वाटते, मोठ्या शहराने गिळायची वाट पाहण्याआधी गावाने आपल्या मापाची संस्था स्वतः मागून घ्यावी. ही कल्पना माझी नाही, आणि नवीही नाही. आज ज्या पिंपरी-चिंचवडकडे आपण श्रीमंत महापालिका म्हणून पाहतो, ती १९७० च्या मार्चमध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार गावांची नगरपालिका म्हणून सुरू झाली. अण्णासाहेब मगर हे तिचे पहिले नगराध्यक्ष. तेव्हा पुणे शेजारीच होते. त्यात सामील व्हा, असे म्हणणे अगदी सोपे होते. त्याऐवजी चार गावांनी आपला वेगळा संसार थाटला. १९८२ साली तिची महापालिका झाली. अर्थात आमची बरोबरी त्यांच्याशी करता येत नाही हेही कबूल केले पाहिजे. त्यांच्या हद्दीत कारखाने होते आणि कारखान्यांमागे जकातीचा पैसा होता. आज जकात नाही, आणि आमच्या हद्दीत कारखाना म्हणावा असा एक पापडाचा आहे. आणि हेही खरे की त्याच पिंपरी-चिंचवडने १९९७ साली स्वतः आजूबाजूची गावे पोटात घेतली. सासुरवास सोसलेली सून पुढे सासू होतेच.

एका कामासाठी वेगळे स्थानिक मंडळ, ही रीत दुसरीकडे फार रुजली आहे. अमेरिकेत २०१७ च्या मोजणीत अशी ३८ हजारांहून अधिक मंडळे होती. कुठे नुसत्या पाण्याचे, कुठे गटाराचे, कुठे आगीच्या बंबाचे. हद्द ठरलेली असते, मंडळाला पट्टी किंवा कर घेता येतो, आणि पुष्कळ ठिकाणी त्याचे सदस्यही लोक निवडून देतात. वाचताना मला हे फार आवडले. मग वाटले, एकाच घराला पाण्याचे मंडळ, आगीचे मंडळ आणि कचऱ्याचे मंडळ असेल तर त्या घरातल्या बाईने तक्रार घेऊन कोणत्या दारात जायचे? आमच्याकडे एका ग्रामपंचायतीचा फलक नीट वाचणारे दहाजण सापडत नाहीत. तेव्हा ती रीत उचलून आणावी असे माझे म्हणणे नाही. पण तिच्यातला गाभा घ्यावा. पाण्याची हद्द ही पाण्यावरून ठरावी, महसुली नकाशावरून नव्हे.

हे आपल्याकडेही जमले आहे. पांझरेच्या खोऱ्यात फड पद्धतीने शेतकरी पिढ्यान् पिढ्या पाटाचे पाणी आपसांत वाटून घेत आले. अलीकडचे उदाहरण नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड धरणाचे. ओझर परिसरात १९९० च्या सुमारास बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पाणी मोजून घ्यायचे, वाटणी संस्थेने करायची, पट्टी संस्थेनेच गोळा करून खात्याला भरायची. पुढे साऱ्या धरणाच्या लाभक्षेत्रावर अशा संस्था झाल्या आणि त्यांचा मिळून महासंघ झाला. २००५ साली राज्याने या कामासाठी कायदाही केला. जे लोक रात्री पाट फोडल्यावरून एकमेकांची डोकी फोडत असत, ते पाणी मोजायला एकत्र बसले. माझा मुद्दा एवढाच की पट्टी ज्यांनी भरायची त्यांच्याच हाती वाटणी आली की माणसे हिशेब करू लागतात.

आमचा ओढा तीन गावांतून वाहतो. वरच्या गावाची घाण आम्ही पितो आणि आमची खालचे गाव पिते. तेव्हा एकट्या आमच्या गावाची नगरपंचायत होऊन भागणार नाही. तिन्ही गावांची मिळून एक व्हावी, असे मी त्या सभेत म्हटले. (बोलताना आवाज कापत होता; वक्तृत्वस्पर्धेतला फिरता चषक ग्रामसभेत काही उपयोगी पडला नाही.) दोन किंवा अधिक पंचायतींनी संयुक्त समिती नेमावी अशी सोय जुन्या कायद्यातही आहे, पण अशा समितीला स्वतःचा कर नाही आणि स्वतःचा अभियंता नाही. नगरपंचायतीला दोन्ही मिळू शकतात. १९९३ च्या जूनमध्ये अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपंचायत आणली तीच मुळी 'ग्रामीण भागातून नागरी भागात स्थित्यंतर होत असलेल्या' क्षेत्रासाठी. आमचे वर्णन याहून नेमके कोणी केलेले नाही.

आता तात्यांचे म्हणणे. सभेत ते हरले नाहीत, हे मला सांगितले पाहिजे. ते म्हणाले, 'अगं, आज सरपंच चुकला तर त्याला पारावर गाठता येतं. उद्या मुख्याधिकारी येईल. तो बदलीवर आलेला आणि बदलीवर जाणारा. त्याच्या दारात चिठ्ठी आत पाठवून बसावं लागेल. आणि ही सभा? ही राहील का?' याला माझ्याजवळ चांगले उत्तर नव्हते. नगरपंचायत झाली की ग्रामसभा संपते. शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद आपल्या राज्यात झाली, पण अशी सभा भरल्याचे मी कधी पाहिले नाही. शहरात राहणाऱ्या माझ्या मैत्रिणींनी तर तिचे नावही ऐकलेले नाही. ज्या सभेत माझ्यासारख्या मुलीला उभे राहून बोलता आले, तीच सभा घालवायला मी निघाले आहे, हे तात्यांनी नेमके बोट ठेवून दाखवले. रोजगार हमीची कामेही नगरपंचायतीत राहत नाहीत. आमच्या गावात ती कामे घेणारी घरे आता थोडी उरली असली तरी आहेत, आणि त्या घरांतले कोणी त्या दिवशी बोलले नाही.

तरीही मी तात्यांच्या बाजूला जाणार नाही. पारावर गाठता येणारा सरपंच आम्ही काविळीच्या महिन्यात रोज गाठला. तो बिचारा रोज भेटला, आणि रोज हात जोडून म्हणाला, 'माझ्या हातात काय आहे?' भेटणारा पण हात रिकामे असलेला कारभारी, की हातात काही असलेला पण भेटायला कठीण, अशी ही निवड आहे. मी दुसरा निवडते, आणि त्याला भेटायला लावणे हे आपले काम समजते. ठरावातच लिहून मागावे की तिन्ही गावांत दर तीन महिन्यांनी उघडी सभा होईल आणि जमाखर्च वाचून दाखवला जाईल. कायद्याने बंधन नसेल तर निवडून येणाऱ्या सतराही जणांकडून आधी लिहून घ्यावे. हे भाबडेपणाचे आहे, असे आमचे सर म्हणाले. असेल.

परंतु तात्यांचे खरे म्हणणे पारावर बोललेच गेले नाही. ते घरी, जेवताना बोलले गेले. नगरपंचायत म्हणजे घरपट्टी वाढणार. इथे मला स्वतःच्या घरचे सांगितले पाहिजे, नाही तर हा सगळा लेख खोटा पडेल. आमच्या आप्पांनी २०१४ साली अर्धा एकर विकून घरामागे सहा खोल्या बांधल्या. त्यांचे भाडे येते. माझी फी त्यातूनच भरली जाते. पंचायतीच्या नमुना आठवर मात्र आमचे 'दोन खणांचे जुने घर' एवढेच आहे. सहा खोल्यांत सहा बिऱ्हाडे राहतात, पाणी वापरतात, कचरा टाकतात, आणि कागदावर ती खोली नाही की माणूस नाही. आमच्या आळीत असे एकटे आमचेच घर असते तर मी लाजेने गप्प बसले असते. पंचायतीकडे पैसा नाही असे आम्ही ओरडतो, आणि तो का नाही हे प्रत्येकाच्या परसात उभे आहे. इमारतीतले लोक म्हणतात, गावकरी कर भरत नाहीत; गावकरी म्हणतात, इमारतवाले काल आले आणि आज हक्क सांगतात. भाडेकरूंना कोणीच विचारत नाही, कारण त्यांची मते बहुधा त्यांच्या मूळ गावी आहेत. आई ज्या नळावर उभी राहते त्याच नळावर त्या सहा बिऱ्हाडांतल्या बायका उभ्या असतात, आणि महिला सभेला त्यांच्यापैकी एकही आली नव्हती. तिला कोणी बोलावलेच नव्हते. मीही नाही.

पुढची ग्रामसभा १ मे रोजी आहे. तोपर्यंत तिन्ही गावांतून अर्जावर सह्या घ्यायच्या असे आम्ही काही मुलामुलींनी ठरवले आहे. वरच्या गावातल्या दोघी आपल्याच महाविद्यालयात प्रथम वर्षाला आहेत, त्या तिकडचे पाहतील. आमच्या आळीत चाळीस सह्या झाल्या. आईने पहिली केली. तात्यांनी अर्ज चष्मा लावून दोनदा वाचला, एक शुद्धलेखनाची चूक दाखवली आणि परत दिला. आप्पांनी अजून सही केलेली नाही. सहा खोल्या धरून पट्टी किती होईल, आणि टँकर, दवाखाना, औषधे यांवर गेल्या वर्षी घरातून किती गेले, हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून दाखव, मग बघू, असे त्यांनी सांगितले आहे. दवाखान्याच्या पावत्या आईने पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या आहेत. परीक्षा संपली की त्या काढून बसणार आहे.

(तृतीय वर्ष कला, राज्यशास्त्र)